बोट ट्रेलरवर, पण इंजिन कुठे? छोट्या आउटबोर्डची रस्त्यावरची बांधणी

खान्देशात छोट्या मोटारबोटीचा बराचसा प्रवास रस्त्यावरच होतो. हतनूर धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करणारी संस्था असो, पुरासाठी बोट ठेवणारी नगरपालिका असो, किंवा उकाई धरणाच्या फुगवट्याकडे नवापूरच्या बाजूने उतरणारे लोक असोत, बोट एका जागी बांधून भागत नाही. तापीला पाणी वाढलं की आज सारंगखेड्याला न्यायची, उद्या प्रकाशाला. गणेश विसर्जनात गावोगावच्या घाटांवर हलवायची. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, त्यांचं तर कामच हाक आली की बोट आणि इंजिन गाडीवर चढवून निघायचं.

या प्रवासात बोटीची काळजी सगळे घेतात, कारण ती मोठी दिसते. इंजिन मात्र मागच्या फळीला लटकलेलं असतं, त्याचे दोन स्क्रू आवळलेले असतात, आणि पाण्यात ते कधी हललेलं नसतं. म्हणून कुणीतरी म्हणतं, "काही होत नही भो, चल." इथेच गडबड आहे. पाण्यात घट्ट बसलेलं इंजिन रस्त्यावरही घट्ट राहील असं अजिबात नाही. दोन्हीकडे त्याच्यावर येणारा जोर वेगळा असतो. हा फरक नीट कळला की पुढची बांधणी कुणी शिकवायची फारशी गरज उरत नाही.

आधी पाण्यातलं पाहू. छोटं आउटबोर्ड म्हणजे साधारण २ ते १५ अश्वशक्तीचं, हाताने दोरी ओढून सुरू होणारं इंजिन. बचाव पथकातले लोक त्याला ओबीएम म्हणतात, बाकी सगळे मशीन. वजन २ अश्वशक्तीच्या इंजिनाचं १५ किलोच्या आत-बाहेर, तर १५ अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोकचं ५० किलोच्या आसपास. त्याचा आकडा, म्हणजे हुकासारखा अडकवायचा भाग (क्लॅम्प), फळीच्या वरच्या कडेवर बसतो आणि आतल्या बाजूने दोन मोठे स्क्रू फळीला दाबून धरतात. पंखा फिरतो तेव्हा तो इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग, पुढे ढकलतो. त्यामुळे आकड्याचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचा भाग मागे झुकायला बघतो, म्हणजे स्क्रूच्या चकत्या आतून लाकडात आणखी रुततात. हा जोर एकाच दिशेचा आणि सलग असतो. इंजिन चालतं तोवर पकड जणू आपोआप घट्ट होत राहते.

रस्त्यावर पंखा ढकलत नाही, खड्डा ढकलतो. चाक खड्ड्यात गेलं की इंजिन खाली आदळतं, बाहेर आलं की वर उसळतं. चांगल्याशा दणक्यात क्षणभर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, म्हणजे ४० किलोच्या इंजिनाचे ८० ते १२० किलो, आणि पुढच्याच क्षणी तो भार उलट्या दिशेला. वळणावर तेच वजन आडवं ओढतं. दिशा अशी सतत पालटत राहिली की स्क्रू थोडाथोडा मागे फिरतो. शिवाय लाकडी फळी उन्हात आकसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पावसाळ्यात भिजून फुगलेल्या फळीवर आवळलेला स्क्रू तेव्हा हाताने फिरावा इतका सैल पडलेला असतो. कुणी ढिला केलेला नसतो, लाकूडच आत सरकलेलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: इंजिन फळीवर ठेवून न्यायलाच हवं का?

माझं मत स्पष्ट आहे. दोन माणसांना उचलता येत असेल तर काढून न्यावं. उचलायची पाच मिनिटांची कटकट आहे हे खरं, पण त्याने एक सोडून अनेक प्रश्न मिटतात. फळीवरचा मार थांबतो, चोरीची धास्ती कमी होते, मागे बाहेर आलेला पंखा कुणाला लागण्याचा धोका जातो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेलरचा तोल सुधारतो.

हा तोलाचा मुद्दा थोडा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण दहावा हिस्सा पुढे गाडीच्या हुकवर यायला हवा. समजा बोट, ट्रेलर, सामान मिळून २५० किलो आहे आणि हुकवर २५ किलो येतंय. आता ४० किलोचं इंजिन मागच्या फळीवर टांगलं. चाकाच्या आसापासून हुक ३ मीटर पुढे आणि इंजिन दीड मीटर मागे असेल, तर हे इंजिन हुकवरचा भार ४० गुणिले दीड भागिले तीन, म्हणजे २० किलोने कमी करतं. उरले ५ किलो. मागे जास्त भरलेली बैलगाडी जशी उलार होते आणि जू वर उचललं जातं, तसंच हे. पण बैलगाडी हळू चालते. ताशी ६० च्या वेगाने उलार ट्रेलर ओढला की तो शेपटासारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की ब्रेक दाबल्याने आणखी बिघडतो. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढून स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. सुरत-नागपूर महामार्गावर शेजारून लांबलचक कंटेनर जातो तेव्हा त्याच्या हवेच्या झोतानेही हा खेळ सुरू होऊ शकतो. इंजिन काढून गाडीत किंवा बोटीत आसाच्या थोडं पुढे ठेवलं की हुकवरचा भार परत येतो.

काढून नेताना मात्र ते आडवं कसं ठेवायचं याला नियम आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पाण्यातून काढल्यावर इंजिन आधी उभंच धरावं. आतून थंडाव्याचं पाणी खाली गळून जाऊ द्यावं, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. लगेच आडवं केलं तर हे पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. आडवं केल्यावरही डोकं, म्हणजे मशीनची वरची बाजू, पंख्यापेक्षा कधीही खाली जाऊ देऊ नये. डोक्याखाली जाड गोणपाट किंवा फोम ठेवला तर हे आपोआप साधतं.

टू-स्ट्रोक इंजिनात वेगळं ऑइल भरलेलं नसतं, ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, म्हणून ते कुठल्या कुशीवर झोपवलं याने फारसं बिघडत नाही. फोर-स्ट्रोकचं तसं नाही. त्याच्या पोटात ऑइल साठलेलं असतं. चुकीच्या कुशीवर झोपवलं की ते ऑइल सिलिंडरमध्ये किंवा कार्बोरेटरकडे उतरतं. कोणती कूस बरोबर हे कंपनीनुसार बदलतं. बऱ्याच इंजिनांवर त्याचं चित्राचं स्टिकर असतं, आणि काहींना त्याच कुशीवर टेकण्यासाठी छोटे उंचवटे दिलेले असतात. माहितीपुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या डीलरकडे एकदा विचारून कव्हरवर पक्क्या रंगाने बाण काढून ठेवावा. पुराच्या रात्री, पावसात, घाईत इंजिन गाडीत टाकणाऱ्या माणसाला पुस्तिका वाचायला वेळ नसतो. तो बाण मात्र टॉर्चच्या उजेडातही दिसतो.

पिकअपमध्ये उभं न्यायचं असेल तर लोखंडी अँगलचा स्टँड कोणताही फॅब्रिकेटर करून देतो. त्याला वर जाड लाकडी फळी लावायची, इंजिन तिच्यावर क्लॅम्प करायचं, आणि स्टँड हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून रॅचेटच्या पट्ट्याने दोन्ही बाजूंना ताणायचा. पट्टा एकाच बाजूला ओढला तर पहिल्या वळणावर स्टँड कलतो.

आता समजा इंजिन काढणं शक्यच नाही. जड आहे, बोल्टने बसवलेलं आहे, किंवा रोजचं जवळचं अंतर आहे. तर मग ते उभं न्यावं की उचलून?

उत्पादक सहसा सांगतात की इंजिन चालवताना जसं उभं असतं तसंच न्यावं, पण पंखा आणि त्याखालचं पातं यांना जमिनीपासून पुरेशी मोकळी जागा हवी. आपल्याकडे अडचण इथेच येते. गावाच्या वेशीवरचे गतिरोधक कुठल्या मापाने बांधलेले असतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक, आणि नदीकाठचा उतार म्हणजे तर चाकोऱ्याच. त्यामुळे बहुतेकांना इंजिन उचलूनच न्यावं लागतं. उचललं की बाजूचा छोटा खटका पडतो आणि इंजिन वर अडकून राहतं.

त्या खटक्यावर विसंबून रस्त्याला लागू नये. तो खटका बोट उभी असताना पंखा पाण्याबाहेर ठेवण्यासाठी दिलेला आहे. इंजिनाचा पाय आता फूट-दीड फूट मागे आडवा निघालेला असतो आणि प्रत्येक दणक्याला तो खाली-वर झोके घेतो. हे सगळे झोके त्या बोटभर खटक्यावर येतात. खटका वाकला किंवा निसटला की इंजिन धाडकन खाली येतं, आणि खाली रस्ता धावत असतो.

उपाय म्हणजे पायाला स्वतंत्र आधार द्यायचा. तो दोन प्रकारे देतात. एक म्हणजे ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाइपपासून इंजिनाच्या पायापर्यंत टेकू. बाजारात याला ट्रान्सम सेव्हर म्हणतात, पण जाड पाइप, वर व्ही आकाराची खोबण आणि तिच्यात रबर एवढं असलं की गावातला वेल्डरही करतो. इंजिन या खोबणीत टेकवायचं आणि पट्ट्याने खाली ओढून बांधायचं. एक अट मात्र आहे. बोट स्वतः मागून ट्रेलरला आवळून बांधलेली हवी. बोट मोकळी उसळत राहिली आणि टेकू ट्रेलरला पक्का असला, तर दोघांच्या ओढाताणीत फळीचंच नुकसान होतं. नुसती पुढची विंचची, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चक्रीची, दोरी पुरत नाही, मागेही दोन पट्टे हवेत.

दुसरा प्रकार लहान इंजिनांना पुरतो आणि मला तो अधिक आवडतो. आकडा आणि इंजिनाचा पाय यांच्या मधल्या खाचेत नीट बसेल असा सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा कापायचा, त्यावर जुन्या ट्यूबचं रबर ठोकायचं. ठोकळा सरकवला, इंजिन त्यावर टेकवलं, आणि पट्ट्याने पाय ठोकळ्यावर दाबून बांधला की खटक्यावर भार उरत नाही. इंजिन आणि बोट एकच वस्तू असल्यासारखी एकत्र हलतात. ठोकळ्याला भोक पाडून सुतळीने बोटीलाच बांधून ठेवावा, नाहीतर नेमका नेण्याच्या दिवशी सापडत नाही. पट्टा पायाच्या जाड भागाला घ्यावा. पंख्याच्या पात्यांना घेऊ नये, पाती फिरली की पट्टा लगेच ढिला पडतो.

इंजिन डावी-उजवीकडे फिरू नये म्हणून स्टिअरिंगचा घट्टपणा देणारा स्क्रू आवळावा आणि टिलरची, म्हणजे इंजिन वळवायच्या दांड्याची, मूठ दोन्ही बाजूंना दोरीने बांधावी. वरच्या कव्हरची कडी लागली आहे का ते हाताने ओढून बघावं, आणि कव्हरवरून एक पट्टा घ्यावा. कडी झिजलेली असली तर महामार्गावरच्या वाऱ्याने कव्हर उडतं, आणि नुसतं कव्हर नवीन घ्यायला गेलं की किंमत ऐकून माणूस गप्प होतो. वरून ताडपत्री घालायची असेल तर ती अंगाबरोबर घट्ट हवी. फडफडणारी ताडपत्री रंग खरवडते आणि पट्ट्यांच्या गाठी सैल करते.

क्लॅम्पच्या दोन स्क्रूंकडे परत येऊ. त्यांच्या दांड्या एकमेकींना समांतर आडव्या करून त्यांवर पोकळ पट्टीचं कुलूप घालता येतं. ते चोरीसाठी म्हणून विकतात, पण रस्त्यासाठी त्याचा मोठा फायदा असा की दांड्या फिरूच शकत नाहीत. कुलूप नसेल तर दोन्ही दांड्या जाड तारेने एकमेकींना बांधल्या तरी चालतं. शिवाय अनेक आकड्यांना बोल्टसाठी भोकं दिलेली असतात. इंजिन कायम त्याच बोटीवर राहणार असेल तर फळीतून आरपार स्टेनलेसचे बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉक नट टाकावेत. भोकात सीलंट भरायला विसरू नये. फायबर बोटीच्या फळीत आत प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. हातोडीच्या लाकडी मागच्या टोकाने फळी ठोकून पाहावी. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, किंवा पाय धरून हलवल्यावर फळीच लवत असेल, तर अशा फळीवर इंजिन रस्त्याने नेऊच नये.

आणि सुरक्षेची साखळी. इंजिनाच्या उचलायच्या कडीतून किंवा आकड्याच्या भोकातून साखळी नाहीतर जाड दोरी घेऊन ती बोटीच्या पक्क्या कडीला अडकवायची. फळीवरच्याच एखाद्या हुकला ती बांधण्यात अर्थ नाही, कारण फळी गेली तर हुकही तिच्याबरोबर जाईल. साखळी एवढीच लांब असावी की इंजिन सुटलं तरी जमिनीला टेकणार नाही.

रबरी बोटींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पालिकांकडे आणि बचाव पथकांकडे त्याच जास्त असतात. त्यांची मागची फळी रबरी नळ्यांना चिकटवलेली असते. रस्त्यावरच्या दणक्यांचा ताण त्या चिकटीवर येतो. उन्हात नळ्यांमधली हवा फुगते, रात्री आकसते, मग पट्टे एकदा कडक तर एकदा सैल. रबरी बोटीवर इंजिन लावून ट्रेलर ओढू नये. त्यात सूट देण्यासारखं कारण मला तरी दिसत नाही.

पेट्रोलचं काम काठावरच उरकावं. इंजिन पाण्यात चालू असतानाच पाइप काढला की कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडतं. मग आडवं केल्यावर ठिबकत नाही. पाण्याबाहेर असं चालवू नये, थंडाव्याचा पंप कोरडा फिरून जळतो. ज्या छोट्या इंजिनात टाकी आतच असते त्याचा कॉक आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन्ही बंद करावेत. वेगळी टाकी असेल तर ती उभी, मोकळ्या हवेत, सावलीत आणि बांधलेली असावी, बंद गाडीच्या डिकीत नसावी. ती काठोकाठ भरू नये. तापमान २० अंशांनी वाढलं तर २० लिटर पेट्रोल सुमारे ४०० मिलिलिटरने वाढतं, आणि वरची वाफ त्याहून जास्त दाब देते. सकाळी शहाद्यात भरलेली टाकी दुपारी टम्म फुगलेली दिसते ती यामुळेच. तिचा हवेचा स्क्रू हळूहळू उघडावा, तोंड बाजूला ठेवून आणि जवळ कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही हे बघून.

कायद्याचंही थोडं. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्यानुसार वाहनच आहे, त्याची आरटीओकडे नोंदणी लागते. माल वाहनाच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर काढून नेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मागे निघालेला पंखा दुचाकीस्वाराच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो, म्हणून त्यावर जाड कव्हर आणि लाल कापड असावं, रात्री ट्रेलरचे मागचे दिवे इंजिनाआड झाकले जात नाहीत हे पाहावं. दंड होवो न होवो, मागून येणारा माणूस कुणाच्या तरी घरचा असतो.

निघाल्यावर पहिल्या आठ-दहा किलोमीटरवर थांबावंच. नवीन ताणलेले पट्टे तेवढ्यात बसतात आणि सैल होतात. पट्टे पुन्हा ओढावेत, क्लॅम्पच्या दांड्या हाताने तपासाव्यात, आणि हुकजवळ व चाकाच्या हबवर हात ठेवून फार तापलंय का बघावं. पुढे प्रत्येक चहाच्या थांब्याला हीच फेरी. कोंडाईबारी किंवा चांदसैलीसारखा घाट असेल तर चढायच्या आधी एकदा आणि उतरल्यावर एकदा. तोरणमाळच्या यशवंत तलावावर बोट न्यायची असेल तर सातपायरी घाटाच्या पायथ्याशी इंजिन फळीवरून काढून गाडीत घेतलेलं बरं, त्या वळणांवर मागचं वजन फार जाणवतं. नायलॉनचे पट्टे आपल्या उन्हात लवकर मरतात. रंग उडालेला, कडेचे धागे सुटलेला पट्टा चांगला दिसला तरी टाकून द्यावा, किंवा ताडपत्री बांधायला वापरावा.

काठावर पोचल्यावर इंजिन फळीवर चढवताना आधी त्याची दोरी बोटीला बांधावी आणि मगच उचलावं. गाळात पाय घसरला तरी इंजिन तळाला जात नाही. स्क्रू आवळल्यावर सुरू करायची दोरी पहिल्यांदा हळू ओढावी. ती दगडासारखी अडली तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पाणी उतरलेलं असण्याची शक्यता आहे. किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद पाडणाऱ्या बटणाची, क्लिप काढून ठेवावी, प्लग काढावा, प्लगच्या भोकावर फडकं धरून दोरी सावकाश दोन-चार वेळा ओढावी, आत असेल ते बाहेर येतं. जोर लावला तर आतला दांडा वाकतो आणि मग दुरुस्ती नाशिक-सुरतेशिवाय होत नाही. प्लग पुसून परत लावावा, इंजिन सुरू करावं, आणि मागच्या छोट्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची धार येते का ते बघावं. उन्हाळाभर पडून असलेल्या इंजिनाच्या त्या भोकात कुंभारमाशी माती लिंपून जाते. धार नसेल तर लगेच बंद करून भोक बारीक तारेने मोकळं करावं, आणि धार नीट पडायला लागल्यावर काठ सोडावा.